निकुंभबाईंची रेघ

निकुंभबाईंना नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने, पेपर तपासायचे तर खिडकीच्या कट्ट्यावर गठ्ठा ठेवून उभ्याने. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती, तिच्यावर आम्ही सगळ्याजणी पर्स ठेवायचो. प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, बसा हो जरा. तुमच्याकडे बघून माझे पाय दुखायला लागले." बाई म्हणाल्या, "हो सर, बसते ना," आणि बोलता बोलता दारातून बाहेर गेल्या.

मी निर्मला बोंडे. जळगावच्या त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, मागून कुणी म्हणायला नको. शैला निकुंभ आमच्याकडे झूऑलॉजीला आल्या तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. माहेर-सासर दोन्ही धुळ्याचं, नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनियर, घर धुळ्यालाच. सकाळच्या एसटीने यायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. एरंडोलला अर्धी गाडी रिकामी झाली तरी ही बाई दाराजवळच्या दांड्याला धरून उभी. कंडक्टरांनी सांगायचं सोडून दिलं होतं.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या लॅबमध्ये शिरल्या. प्रॅक्टिकल चालू होतं, पोरं ब्युरेटशी झटापट करत होती.

"तुमच्याकडे पॉलिएथिलीन ग्लायकॉल आहे?"

"आहे. कशाला हवंय? मलम करताय की जुलाबाचं औषध?"

"लग्न लावायचंय."

"कुणाचं?"

"माझं आणि उंदराचं," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. पोरं ब्युरेट सोडून आमच्याकडे बघत राहिली. मी बाटली काढून दिली आणि मनात म्हटलं, बाई चक्रम आहे, हिच्यापासून चार हात लांब राहायचं. ते काही जमलं नाही.

तर लग्नाचा प्रकार असा होता. बाई आधी मुंबईला एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होत्या. तिथे उंदराच्या यकृतातल्या गाठीच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यात माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि वर माझ्याकडचं ते चिकट औषध घालायचं. पेशींच्या कडा विरघळतात आणि दोन पेशींची एक होते. अर्धी उंदीर, अर्धी माणूस. मी म्हटलं, "मग पुढे काय? तिला शेपूट येतं?"

"पुढे तेच तर बघायचंय," बाई येरझारा घालत म्हणाल्या. "हे बघा बोंडेबाई, आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला सगळी कामं ठाऊक असतात. यकृताची पेशी अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन करते. रक्तातली पांढरी पेशी करत नाही. तिला येत नाही असं नाही. तिच्यातलं ते जनुक मुकं असतं, मेलेलं नसतं. आता तिला यकृताच्या घरात नेऊन ठेवलं तर ते बोलेल का?"

मला काही उमगेना. तेव्हा त्या थांबल्या. थांबल्या म्हणजे एका पायावर भार देऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या भावकीतली पुण्यात वाढलेली पोर घ्या. म्हणते, मला कळण्याची भाकरी येत नाही. तिला रावेरला चुलीपुढे बसवा, शेजारी थापणारी जाऊ बसवा. दोन दिवसांत हात वळतो की नाही? कुठून आलं ते? लहानपणी आजीशेजारी बसून पाहिलेलं असतं, ते आत पडून असतं. शेजारणीने जागं केलं, बस."

"आणि उलटं झालं तर? जावेचीच भाकरी बिघडली तर?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. "होतं ना तसंही! यकृताची पेशी कातडीच्या पेशीशी जोडली तर यकृतच गप्प बसतं. म्हणून तर बघायचं."

मुंबईला त्यांनी ते बघितलं होतं. एकदाच. बघायची रीत साधी होती. चायनाग्रासची वडी जमवतात तसा काचेवर अगरचा पातळ थर जमवायचा, त्याला बारीक भोकं पाडायची. एका भोकात माणसाचं अल्ब्युमिन तेवढं ओळखणारं औषध, समोरच्या भोकात पेशी ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी. दोन्ही अगरमधून एकमेकांकडे सरकतात. त्या पाण्यात माणसाचं अल्ब्युमिन असलं तर जिथे भेट होते तिथे पांढरी रेघ उमटते. नसलं तर काही नाही. बाईंना रेघ दिसली. केसाएवढी, पण दिसली. धावत गाइडकडे गेल्या. गाइड बोलायला तिरके, पण वागायला सरळ माणूस. त्यांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही. परदेशात लोकांना दिसलंय, ते तू वाचलंयस, म्हणून तुला दिसतंय."

झालं. तो एक शब्द बाईंच्या जिव्हारी लागला. मागाहून त्या पेशींना बुरशी लागली, सगळं फेकून द्यावं लागलं, आणि तेवढ्यात घरच्यांनी धुळ्याला बोलावलं. गाइडनी अट घातली: रेघ पुन्हा दाखव, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढ, मी आज सही करतो. काढलं असतं तर बाई तेव्हाच डॉक्टर झाल्या असत्या.

"मग काढायचं ना!" मी म्हटलं. "एका रेघेसाठी जन्म घालवणार का? आ बैल मला मार!"

"बोंडेबाई, मला ती दिसली होती हो," त्या म्हणाल्या. "दिसलेलं नाही दिसलं कसं म्हणू? एकदा ते म्हटलं की मग मायक्रोस्कोपला डोळा लावायचा कशाला?"



उंदराच्या पेशी त्यांनी मुंबईहून आणल्या त्या कमरेला बांधून. खोटं नाही सांगत. चपटी काचेची बाटली, कापडी पिशवीत, निऱ्यांच्या वर खोचलेली. पेशींना अंगाएवढी ऊब लागते. "थर्मासपेक्षा माणूस बरा," असं त्यांचं म्हणणं. शनिवार-रविवार कॉलेजची वीज भरवशाची नसायची, म्हणून शनिवारी ती बाटली कमरेला लावून धुळ्याला न्यायच्या आणि सोमवारी परत. एकदा एका नव्या कंडक्टरने हटकलं, "ताई, कमरेला काय दडवलंय? बाटली दिसतेय." बाई म्हणाल्या, "लिव्हर आहे." तो म्हणाला, "मग पूर्ण तिकीट लागेल की अर्धं?" सगळी गाडी हसली.

त्यांच्या सासूबाईंना भेटायला मी एकदा धुळ्याला गेले होते. अस्सल अहिराणी बाई, कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मी चहा घेत असतानाच त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "इतला दिन व्हयनात, रोज संभाळस. काय शे हाई?"

"उंदीर नि मी, आई," बाई म्हणाल्या.

म्हातारीने मला डोळा मारला. "उंदीरसंगे? तुले दुसरं कोनी भेटनं नही का वं?" आणि असं म्हणत म्हणत तिने हाताची पालथी बाजू बाटलीला लावून पाहिली. "थंडं लागस वं. गोधडी दे तिले." पालथा हात लावून बघायची सवय बाईंची. सासूने ती कधी उचलली, दोघींनाही कळलं नसावं. बाई भेटल्या की आधी तुमच्या कपाळाला पालथा हात लावायच्या, मग "कशा आहात" विचारायच्या.

कॉलेजात त्यांनी झूऑलॉजीच्या म्युझियममागची अडगळीची खोली मिळवली. एका बाजूला फॉर्मॅलिनमधले साप, दुसऱ्या बाजूला बाईंचा संसार. काचेची पेटी, स्पिरिटचा दिवा, जुना इन्क्युबेटर. पेशींना हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचं सिलिंडर कुठून आणणार? तर माझा डेसिकेटर, म्हणजे घट्ट झाकणाचं काचेचं भांडं, उचलून नेला, त्यात बाटल्या ठेवून मेणबत्ती लावायच्या आणि झाकण घालायच्या. मेणबत्ती विझली की हवेत हवं तेवढं जमलं. मी म्हटलं, "माझा डेसिकेटर काजळला!" त्या म्हणाल्या, "देव्हारा पण काजळतोच की."

त्या हिवाळ्यात लग्न लागलं. रक्त बाईंनी स्वतःच्याच दंडातून काढलं. "रक्तपेढीला अर्ज करत कोण बसतं?" म्हणाल्या. आता या जोडपेशींची एक खोड असते. त्या वाढतात, दुभागतात, आणि प्रत्येक वेळी थोडाथोडा माणूस टाकून देतात. उंदराची गुणसूत्रं जागच्या जागी, माणसाचीच गळत जातात, आणि त्यातलं कुठलं कधी जाईल त्याचा नेम नाही. आपल्याला हवं ते जनुक ज्याच्यावर बसलंय, ते उद्याच गळालं तर कायमचं गेलं. म्हणून बाईंना निवांतपणा ठाऊक नव्हता. तास संपवून अशा पळत सुटायच्या, जणू दूध उतू चाललंय.

यावर एकच उपाय, थोड्या पेशी गोठवून ठेवायच्या. त्याला द्रवरूप नायट्रोजन लागतो. जळगावात तो मिळणार कुठे? बाईंनी आठ दिवसांत पत्ता लावला: गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात. तिथे वळूचं वीर्य बारीक नळ्यांमध्ये भरून नायट्रोजनच्या टाकीत ठेवलेलं असतं. तिथले तडवीभाऊ यावल-रावेरकडचे, गडी हसरा आणि मदतीला तयार. गाईंना ते टोचायचं काम त्यांच्याकडे. टाकीत नळ्याच मावतात, म्हणून बाईंनी आपल्या पेशी त्याच नळ्यांत भरल्या आणि जर्सीच्या शेजारी ठेवल्या. मी म्हटलं, "शैला, अगं तुझी सोयरीक वाढत चाललीय." एव्हाना आम्ही एकमेकींना अगंतुगं करायला लागलो होतो.

मग आमचा मे महिना आला. जळगावचा मे म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सगळ्या जगाचे इन्क्युबेटर तापवायला शिकलेले असतात, आमच्याकडे पेशी गार ठेवायची वेळ. बाईंनी खोलीला ओली पोती लावली, कूलर लावला, वाळ्याचे पडदे सोडले. एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. त्या वेळी बाई विद्यापीठाच्या परीक्षेवर पाचोऱ्याला होत्या. परत येऊन त्यांनी बाटलीला पालथा हात लावला आणि तसाच ठेवला. उंदराच्या मूळ पेशी मेल्या, वाढत असलेल्या जोडपेशीही मेल्या. मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर म्हणाल्या, "बोलू नको, नुसती चल माझ्याबरोबर." आम्ही दोघी त्या तापल्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. शिपाई आमच्याकडे बघून स्वतःच्या डोक्याला बोट लावत होता.

आता सगळी भिस्त तडवीभाऊंच्या टाकीतल्या नळ्यांवर होती. आणि पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस तडवीभाऊ कॉलेजात आले, तोंड एवढंएवढंसं करून.

"मॅडम, एक घोटाळा झाला. मी चार दिवस रजेवर होतो. बदलीवरचा माणूस रावेरकडे गेला होता, एका आबांच्या गाईला टोचायला. त्याने टाकीतून... तुमच्या नळ्या नेल्या."

"सगळ्या?" बाईंनी विचारलं.

"एक राहिली. एकदा टोचलं, गाय ठरली नाही म्हणून पुन्हा टोचलं, पुन्हा ठरली नाही. आबा आता दवाखान्यात येऊन ओरडतोय की तुमचा वळू नपुंसक आहे."

मला एकीकडे हसू फुटलं आणि एकीकडे त्या माणसाला बदडावंसं वाटलं. अरे, काय हे! आमच्या बाईचं रक्त, मुंबईचा उंदीर आणि रावेरची गाय! पण बाईंनी त्यावर काय विचारावं? "गाय बरी आहे ना?"

"गाय ठणठणीत आहे. आबा म्हणतो, गोठ्यातले उंदीर तेवढे पळाले."

बाई हसल्या. खूप हसल्या, मग म्युझियममध्ये गेल्या आणि सापांच्या बरण्यांपुढे तोंड करून उभ्या राहिल्या. तडवीभाऊंना मात्र त्या शब्दानेही लागेल असं बोलल्या नाहीत. माझं तोंड मी आवरलं, तेही कसं ते माझं मला माहीत.

एकच नळी. थंडी पडेपर्यंत बाईंनी तिला हात लावला नाही. मग एका सकाळी ती पाण्यात वितळवली, पेशी बाटलीत सोडल्या. चार दिवस काही कळेना. मग धरल्या. बाटलीच्या तळाशी त्या पसरल्या तेव्हा बाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी ओढत नेलं. मला काय दिसणार? नुसते डाग-ठिपके दिसले. "हो हो, छान," म्हटलं.

"हे असं नको," बाई एकदम म्हणाल्या. "हेच नको. सर तेच म्हणतील, तुला हवं होतं म्हणून दिसलं. बघणारा असा पाहिजे की ज्याला काय दिसायला हवं तेच ठाऊक नाही."

मग आम्ही असं ठरवलं. अगरची काच मी तयार करायची. भोकांत काय कुठे भरलं ते फक्त मला ठाऊक. एका भोकात पेशींचं पाणी, एकात पेशी न घातलेलं कोरं पाणी, एकात बाईंच्या रक्तातलं नुसतं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पाणी. त्यात अल्ब्युमिन असतंच, म्हणून तिथे रेघ यायलाच हवी. बाईंनी भरताना बघायचं नाही. आणि वाचणार कोण? तडवीभाऊ. ते म्हणाले, "मॅडम, मला यातलं काही कळत नाही." बाई म्हणाल्या, "म्हणूनच."

रेघ उमटायला दोन दिवस द्यावे लागतात. त्या दोन दिवसांत या बाईने कॉलेजच्या किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. एसटीने घरी गेल्या, परत आल्या. जेवणाचा डबा मलाच देऊन टाकला. "सीरम उतरलं असेल का गं? अगर जाड झालं नाही ना? पाणी पातळ पडलं असेल तर?" मी शेवटी ओरडले, "शैला, गप्प बस, नाहीतर काच फेकून देईन!" त्यावर त्या शहाण्या मुलीसारख्या गप्प झाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तडवीभाऊ आले. मी काच काळ्या कागदावर धरली, बाजूने टॉर्चचा उजेड टाकला. बाई आमच्याकडे पाठ करून खिडकीत उभ्या होत्या, गज घट्ट धरून.

"तडवीभाऊ, कुठल्या भोकासमोर रेघ दिसते?"

त्यांनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. "ह्याच्यासमोर आहे. चांगली जाड." ते सीरम होतं. मी तोंड दगडासारखं ठेवलं. "ह्याच्यासमोर... नाही. काहीच नाही." ते कोरं पाणी. ज्या बाईला मी चक्रम म्हटलं होतं तिच्यासाठी मी मनात देव आठवत होते. तडवीभाऊंनी मान या बाजूने केली, त्या बाजूने केली. "आणि इथे आहे. बारीक आहे, पण आहे. केस पडल्यासारखी. मॅडम, हा केस तर नाही ना?"

"केस नाही," मी म्हटलं. "शैला, वळ आता. तिसरं भोक तुझ्या पेशींचं आहे."

बाई वळल्या. काच हातात घेऊन टॉर्चच्या उजेडात धरली. "आहे," म्हणाल्या. "निर्मला, आहे गं. मला दिसली होती." तडवीभाऊंचा हात हातात घेऊन त्यांनी तो असा हलवला की बिचारे लाजून चूर झाले.

आता पुरावा हवा. रेघ रंगवून पक्की करायचा रंग मुंबईहून मागवला होता, तो आलेला नव्हता, आणि अगर फार दिवस टिकत नाही. तेव्हा फोटो काढायचा. स्टेशन रोडवर बारीभाऊंचा स्टुडिओ होता. जळगावातल्या लग्नाच्या मुलींचे फोटो काढावेत तर बारीभाऊंनी, असा त्यांचा लौकिक. देवीचे व्रण, मुरूम, गालावरचा डाग, सगळं निगेटिव्हवर ब्लेडच्या टोकाने आणि पेन्सिलीने घालवायचे. फोटो बघून हो म्हणून गेलेली मंडळी प्रत्यक्ष मुलगी बघून चाट पडायची. त्यांनी काचेचा फोटो काढला, फार मन लावून, दोन्ही बाजूंनी दिवे लावून. चार दिवसांनी या म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही गेलो. बारीभाऊंनी पाकिटातून फोटो काढला आणि आमच्यापुढे ठेवला. काळीभोर काच, तीन गोल भोकं, त्यांच्या समोर एक भोक. बाकी काही नाही. एकही रेघ नाही.

"मॅडम, तुमच्या काचेवर दोन ओरखडे पडले होते," बारीभाऊ खुशीत म्हणाले. "निगेटिव्हवरून खरवडून काढले. आता बघा, आरशासारखी झालीय."

मला काय झालं मला सांगता येत नाही. "अहो बारीभाऊ," मी दुकानात उभ्याने कडाडले, "ते ओरखडे होते का? त्या पोरीचा जीव होता त्यात! तुम्हाला कोणी सांगितलं नसती शहाणपणाची कामं करायला?" तो माणूस पांढराफटक पडला. आम्ही सांगितलं नव्हतं, हेही खरं. दुसरी प्रत काढायची तर निगेटिव्हच खरवडलेली. आणि काच? काचेवरच्या अगरला आदल्या दिवशीच तडे जाऊन हिरवी बुरशी आली होती, आणि बाटलीतल्या पेशींनाही बुरशी लागल्याने नवी काच करायला काही उरलं नव्हतं.

बाई फोटोकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "बारीभाऊ, किती वेळ लागला काढायला?"

"जाड ओरखड्याला काही नाही. बारीक होता त्याला सकाळ गेली, ताई. फार नाजूक होता."

"म्हणजे होता ना?"

"होता ना! होता म्हणून तर काढला."

बाईंनी हात जोडले त्यांना. रागाने नव्हे, खरोखर जोडले. बाहेर आल्यावर मात्र रस्त्याच्या कडेला, केळीचा ट्रक चालला होता त्याच्या धुरात उभ्या राहून त्या रडल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मुंबईला जाते. हा फोटो घेऊन."

"हा? ह्यात आहे काय?"

"जे आहे ते दाखवते."

गेल्या. गाइडसमोर तो कोरा फोटो ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली, गाईसकट. त्यांनी म्हणे फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याने रेघ नसलेला फोटो कशाला आणला असता?" मग उठून स्वतः टाकी उघडली आणि उंदराच्या पेशी काढून दिल्या. इथे माझ्यासमोर पुन्हा कर म्हणाले. बाईंनी बिनपगारी रजा टाकली. त्याच सुमारास नवऱ्याची बदली नागपूरला झाली, म्हणजे जळगाव सुटल्यातच जमा होतं. सामान घ्यायला आल्या तेव्हा माझ्या लॅबमध्ये येऊन म्हणाल्या, "दंड पुढे कर."

"का?"

"माझं रक्त पुन्हा नको. या वेळी दुसऱ्याचं हवं. माझ्याबद्दल जिला काडीची दयामाया नाही, अशी तूच एक."

"मेले, उंदराशी लावणार आहेस माझं?"

"चांगल्या घरचा आहे."

सुईला मी लहानपणापासून घाबरते, पण दंड पुढे केला. बाईंनी रक्त घेतलं, बर्फाच्या थर्मासात ठेवलं आणि त्याच दिवशीच्या गाडीने गेल्या.

नंतर वर्ष गेलं. आणखी काही महिने गेले. नव्वदचं दशक लागलं. काही कळेना. वर्गात शिकवता शिकवता मला वाटायचं, आपण आत्ता मुंबईत एका बाटलीत वाढतोय, आणि थोडंथोडं गळतोय. हसाल तुम्ही, पण घरात सगळे म्हणायला लागले की ही हल्ली एका जागी बसत नाही. अखेर एक दिवस कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. "उद्या दुपारच्या गाडीने नागपूरला चाललेय. जळगावला गाडी थांबेल तेवढ्यात ये." मी विचारलं, "आली का गं?" तर फोन ठेवून दिला. अशी ही बाई. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर झाली ती आमची शेवटची भेट; पुढे त्या कुठल्या कुठे गेल्या आणि मी इथेच राहिले.

गाडी आली. बाई डब्याच्या दारात होत्या, केस बरेच पांढरे झालेले. मी धावत गेले. काही बोलायच्या आत त्यांनी रुमालात गुंडाळलेली काच माझ्या हातात दिली. "मी काही सांगणार नाही. बघ."

मी काच उन्हात धरली. या वेळी अगर वाळवून, रंगवून पक्कं केलेलं. तीन भोकं. माझा चष्मा घरी राहिला होता.

"इथे आहे," मी म्हटलं. "जाड, निळी."

"ते तुझं नुसतं सीरम."

"इथे काही नाही."

"कोरं पाणी."

"आणि इथे..." मी काच डोळ्यांजवळ नेली. "इथे आहे. बारीक. आहे गं शैला, चांगली दिसतेय!"

"ती तू," बाई म्हणाल्या. "उंदराच्या घरात बोललेली."

"सही झाली?"

"परवाच. सरांनी आधी स्वतः पाहिली. मग शिपायाला बोलावून पाहायला लावली."

गाडीने हिसका दिला. मी काच परत द्यायला हात वर केला, तर त्यांनी तो मागे ढकलला. "तुझी आहे, ठेव." गाडी सरकायला लागली, मी बरोबर चालायला लागले. बाई दाराच्या दांड्याला धरून बाहेर वाकल्या आणि फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "निर्मला, पुसू नकोस गं ती! ओरखडा नाहीये!"

मी काच पुसायला पदर हातात घेतलाच होता. तो तसाच डोळ्यांना लावला.